तबकडींतला बोलपट आणि घरचा संगणक

शहरांतील बहुतेक सुखवस्तु घरांत आज एक असा डबा सांपडतो, कीं त्यांत नेमकें काय आहे हें घरांतील कोणालाच धड सांगतां येत नाहीं. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या शालींच्या मागें तो पडून असतो. उघडला तर आंत चकचकीत तबकड्या निघतात: थोरल्या मुलीचें लग्न, नातवाची मुंज, आजोबांची एकसष्टी, दोन नाटकें, आणि कधीं तरी हौसेनें विकत घेतलेले पांच-सहा बोलपट. २००० सालाच्या आगेंमागें व्हीएचएसच्या फिती मागें पडल्या, व्हीसीडी आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ डीव्हीडी आल्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनें २८ रुपयांस व्हीसीडी आणि ३४ रुपयांस डीव्हीडी विकावयास काढली, तेव्हां तर भाजी आणावयास गेलेला गृहस्थ पिशवींत एखादा बोलपट घालून घरीं येऊं लागला. आज तीं दुकानें उठलीं आहेत, आणि नव्या संगणकांना बहुधा तबकडी घालण्याची फटच नसते. आजीचा आवाज ज्या एकाच ठिकाणीं शिल्लक उरला आहे, तें ठिकाण म्हणजे अशीच एखादी तबकडी असणें मुळींच दुर्मिळ नाहीं. आणि ती तबकडी अजून चालते कीं नाहीं, हें मात्र दहा वर्षांत कोणी पाहिलेलें नसतें.

मग एखाद्या सुटींत शेजारचा होतकरू मुलगा बोलावला जातो. तो दोन दिवस खपून सर्व तबकड्या 'लहान करून' एका पेन ड्राइव्हवर घालून देतो. घरांत आनंद होतो, मूळ तबकड्या रद्दीबरोबर जातात, आणि येथेंच खरा घोटाळा होतो. तबकडीची नक्कल करणें आणि तिच्यांतील चित्र लहान करणें हीं दोन अगदीं भिन्न कामें आहेत. नक्कल केल्यानें कांहींच जात नाहीं. लहान केल्यानें कांहीं तरी कायमचें जातें. काय जातें आणि कां जातें, हें समजण्यासाठीं तबकडींत बोलपट बसतो कसा, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

तबकडीचा व्यास १२ सेंटीमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणें हिच्यावरहि एकच लांबलचक वळसेदार रेषा असते. फरक इतकाच, कीं ग्रामोफोनची सुई बाहेरून आंत जाते आणि येथील लेसरचा किरण आंतून बाहेर येतो. डीव्हीडीवर या रेषेचे दोन वळसे एकमेकांपासून अवघे ०.७४ मायक्रॉन दूर असतात. म्हणजे एका मिलिमीटरच्या रुंदींत तेराशेंहून अधिक फेरे मावतात. कारखान्यांत छापलेल्या तबकडीवर ही रेषा सूक्ष्म खळग्यांची बनलेली असते. आपल्या घरच्या लग्नाच्या तबकडीवर मात्र खळगे नसतात. तेथें सेंद्रिय रंगाचा एक थर असतो आणि छायाचित्रकाराच्या संगणकानें त्याला लेसरचे चटके देऊन खुणा केलेल्या असतात. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दुकानांतला बोलपट खळग्यांचा, म्हणून टिकाऊ. घरचें लग्न रंगाचें, म्हणून ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनीं हळूहळू विटणारें. जें दुसरीकडे कोठेंहि मिळावयाचें नाहीं, तेंच नेमकें कच्च्या रंगावर लिहिलेलें आहे.

एका थराच्या डीव्हीडींत ४.७ अब्ज बाइट मावतात आणि दोन थरांच्या डीव्हीडींत सुमारें ८.५ अब्ज. हे आंकडे मोठे वाटतात, पण थोडा हिशेब करून पाहावा. आपल्याकडील पद्धतीच्या डीव्हीडीवरील एक चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६, असे एकूण ४,१४,७२० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगावयास ३ बाइट धरले, आणि सेकंदास २५ चित्रें, तर एका सेकंदाला ३ कोटी ११ लक्ष बाइट लागतात. दोन तासांच्या बोलपटाला सुमारें २२४ अब्ज बाइट हवेत! या हिशेबानें एका थराच्या तबकडींत अडीच मिनिटांचें चित्र बसेल. मंगलाष्टकेंहि धड संपावयाचीं नाहींत. आणि तरी सबंध बोलपट तिच्यांत बसतो. तेव्हां दुकानांतून आणलेली तबकडी आधींच आकसलेली असते, हें उघड आहे. घरच्या संगणकावर आपण जें लहान करतों, तें एकदां लहान झालेलेंच पुन्हा लहान करतों.

हें आकसणें चार युक्त्यांनीं साधलें आहे.

पहिली युक्ति डोळ्यांच्या उणेपणावर बेतलेली आहे. उजेड-अंधारांतला बारीक फरक डोळा चटकन् टिपतो, पण रंगांतला बारीक फरक त्याला तितका कळत नाहीं. म्हणून प्रत्येक ठिपक्याचा उजेड स्वतंत्र नोंदतात, आणि रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच देतात. एवढ्यानें भार निम्मा होतो आणि पाहणाऱ्याला पत्ताहि लागत नाहीं.

दुसरी युक्ति हालचालीची आहे. लग्नाच्या मांडवांत कनात स्थिर असते, खांब स्थिर असतात, पाहुणेहि बरेचसे स्थिरच असतात. वधूची आई तेवढी ताम्हण घेऊन डावीकडून उजवीकडे जाते. मग सेकंदास पंचवीस वेळां त्याच कनातीचें वर्णन करण्यांत काय अर्थ? म्हणून साधारण अर्ध्या सेकंदांत एक चित्र पूर्ण लिहितात आणि मधल्या चित्रांपुरतें 'मागचेंच पाहा, अमुक चौकोन अमुक ठिपके उजवीकडे सरकला आहे' एवढेंच नोंदतात. हे चौकोन सोळा ठिपके लांब व तितकेच रुंद असतात. कांहीं चित्रें तर मागच्या आणि पुढें येणाऱ्या अशा दोन्ही चित्रांच्या आधारानें लिहिलेलीं असतात.

या युक्तीची कसोटी कोठें लागते, तें घरच्या तबकडींतच पाहावयास मिळतें. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि त्याच क्षणीं दहा जणांच्या कॅमेऱ्यांचे दिवे लखलखतात. अक्षतांचा दाणान् दाणा निराळ्या दिशेनें उडत असतो. कोणता चौकोन कोठें सरकला हें सांगण्याची सोयच राहत नाहीं. दिव्यांच्या झगझगाटानें सबंध चित्राचा उजेड एका क्षणांत पालटतो, त्यामुळें मागच्या चित्राचा आधारहि तुटतो. लिहावयाचें एकदम दसपट वाढतें आणि जागा तर तेवढीच. मग वधूवरांचे चेहरे चौकोनी ठिगळांचे दिसूं लागतात. ज्या क्षणासाठीं छायाचित्रकाराला बोलाविलें, तोच क्षण या विद्येला सर्वांत जड जातो.

तिसरी युक्ति गणिताची आहे आणि तिच्यामागें एका भारतीयाचें नांव आहे. १९४० मध्यें बंगळूर येथें जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेंतील कॅन्सस राज्याच्या विद्यापीठांत शिकवीत असत. चित्राच्या लहान चौकोनांतील आंकडे जसेच्या तसे न लिहितां, ते निरनिराळ्या लयींच्या लाटांची बेरीज आहेत असें मानून त्या लाटांचीं मापें लिहावीं, अशी त्यांची कल्पना होती. १९७२ मध्यें त्यांनीं तेथील राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे या कामासाठीं पैसे मागितले. कल्पना फारच सोपी आहे, असा शेरा येऊन अर्ज नामंजूर झाला. अहमद यांनीं काम सोडलें नाहीं. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्यें त्यांनीं तो निबंध प्रसिद्ध केला. आज डीव्हीडीवरचा प्रत्येक बोलपट आणि दूरध्वनीवर काढलेलीं बहुतेक छायाचित्रें याच गणितानें लिहिलीं जातात. सोप्या कल्पनेला नाकारणारे परीक्षक सर्व देशांत सारखेच असतात, असें यावरून दिसतें.

या गणितांत आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन घेतात. त्याचे ६४ ठिपके म्हणजे ६४ आंकडे. ते गेले कीं त्यांच्या जागीं लाटांचे ६४ आंकडे येतात. एकूण तेवढेच; मग लाभ कोणता? लाभ असा, कीं संथ लाटांचे थोडे आंकडे मोठे येतात आणि बारीक लाटांचे बहुतेक आंकडे शून्याजवळ येतात. भिंत, आकाश, शालू यांचा मोठा भाग संथ लाटांनींच सांगून होतो. बारीक लाटा म्हणजे केंसांची बट, जरीचे धागे, सुरकुत्या.

आतां खरी कात्री चालते. हे आंकडे एका ठराविक भाजकानें भागून पूर्णांकांत लिहितात. भाजक १० असेल तर ४७ चे ५ होतात आणि ५३ चेहि ५ च होतात. उलट दिशेनें येतांना दोहोंचे ५० होतात. मूळ ४७ होते कीं ५३, हें आतां ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं. बारीक लाटांचे लहान आंकडे तर शून्यच होऊन जातात. भाजक जितका मोठा, तितकीं शून्यें अधिक, तितकी फाइल लहान आणि तितक्या आजीच्या सुरकुत्या पुसट. 'कॉम्प्रेस' करणें म्हणजे मुख्यतः हा भाजक वाढविणें होय.

चौथ्या युक्तींत कांहींच हरवत नाहीं. तारखात्याचे दिवस आठवणाऱ्या श्रोत्यांना ती लगेच कळेल. भारतांतील तारेची सेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. त्यापूर्वी शुभेच्छांच्या तारांचीं वाक्यें ठरलेलीं असत आणि त्यांना क्रमांक दिलेले असत. नेहमींचें वाक्य पाठवावयाचें तर नुसता आंकडा लिहावा; पलीकडचा तारमास्तर सबंध वाक्य उतरून देई. वारंवार येणाऱ्या गोष्टीला आंखूड खूण आणि क्वचित् येणाऱ्या गोष्टीला लांब खूण, हें त्यांतलें तत्त्व. या खुणा सर्वांत काटकसरीनें कशा ठरवाव्या, ती रीत डेव्हिड हफमन यानें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेंत विद्यार्थी असतांना शोधून काढली. प्राध्यापक फानो यांनीं वर्गाला वार्षिक परीक्षा किंवा निबंध, यांपैकीं एक निवडावयास सांगितलें होतें. हफमननें निबंध घेतला, आणि खुद्द प्राध्यापकांना न सुटलेलें कोडें सोडविलें. १९५२ मध्यें तें प्रसिद्ध झालें.

आतां त्या शेजारच्या मुलाकडे वळूं. त्यानें तबकडी लहान केली, म्हणजे ४७ चे झालेले ५० घेऊन त्यांना आणखी मोठ्या भाजकानें भागलें. पुढें ती फाइल आणखी कोणी दूरध्वनीवरून कोणाला पाठविली, तर वाटेंत पुन्हा एक भाजक लागतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढीत गेल्यावर अक्षरें जशीं फुटतात, तसाच हा प्रकार आहे. याच्या उलट, न आकसतां केलेली नक्कल ही मुळासारखी नसते, ती मूळच असते. आंकड्याला आंकडा तोच. फितींच्या काळीं हें शक्य नव्हतें. तेथें प्रत्येक नकलेंत चित्र थोडें मळत असे.

मग लहान करण्याची ही संवय लागली कोठून? ती एका खऱ्या अडचणींतून लागली. दुकानांतले पुष्कळ बोलपट दोन थरांच्या ८.५ अब्जांच्या तबकडीवर येत; बाजारांत स्वस्त मिळणारी कोरी तबकडी मात्र एका थराची, ४.७ अब्जांची. मोठा शालू लहान पेटींत बसवावयाचा होता. त्यासाठीं २००३-०४ च्या सुमारास 'डीव्हीडी श्रिंक' नांवाचा एक फुकट कार्यक्रम जगभर लोकप्रिय झाला. तो सबंध चित्र उलगडून नव्यानें लिहीत नसे. आंतले आंकडे तेवढे काढून त्यांचा भाजक वाढवी, म्हणून काम झपाट्यानें उरके. जाणता मनुष्य आधीं नको असलेल्या भाषांचे ध्वनिपट, जाहिराती आणि मुलाखती काढून टाकी. तेवढ्यानें भागलें तर चित्राला हात लावीत नसे. आज ४.७ अब्जांची मर्यादा कोणी घातलेली नाहीं. लहानशा हार्ड डिस्कवर शंभर तबकड्या जशाच्या तशा मावतात. अडचण गेली, पण संवय उरली आहे.

म्हणून क्रम असा असावा: प्रथम हुबेहूब नक्कल, आणि मग वाटल्यास लहान प्रत. संगणकाला फट नसेल तर यूएसबीनें जोडण्याचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. घरच्या लग्नाची डीव्हीडी उघडली कीं 'व्हिडिओ टीएस' नांवाचें एक दप्तर दिसतें आणि त्यांत एक-एक अब्जाच्या आंतबाहेरच्या फाइली असतात. सबंध दप्तर उचलून घ्यावें, किंवा त्याहून उत्तम म्हणजे सबंध तबकडीची एकच 'आयएसओ' फाइल करावी. तबकडी धड असेल तर पंधरा-वीस मिनिटांचें काम आहे.

तबकडी धड नसेल तरी लगेच हताश होऊं नये. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनीं १९६० मध्यें काढलेल्या रीतीप्रमाणें तबकडीवर मूळ आंकड्यांबरोबर ताळ्याचेहि आंकडे लिहिलेले असतात, आणि थोडें पुसलें गेलेलें त्यांवरून पुन्हा काढतां येतें. तबकडी मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसूं नये. त्यानें पडलेला ओरखडा रेषेच्या दिशेनें जातो आणि ताळ्याला पुरून उरतो. एका ड्राइव्हनें नाकारलेली तबकडी दुसरा ड्राइव्ह पुष्कळदां वाचतो. तेंहि न जमल्यास 'डीडीरेस्क्यू' नांवाचा फुकट कार्यक्रम आहे. तो चांगला भाग आधीं उचलून घेतो, वाईट जागांची यादी ठेवतो आणि मग त्या जागांवर पुनः पुन्हा प्रयत्न करतो. रात्रभर चालूं द्यावा.

विकतच्या बोलपटांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांतील बहुतेक डीव्हीडींना गुप्तलिपीचें कुलूप घातलेलें असे. १९९९ मध्यें तें उघडणारा कार्यक्रम नॉर्वेंतून बाहेर पडला. त्यांत पंधरा वर्षांच्या योन योहान्सेन या मुलाचा हात होता. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्यें दोन्ही न्यायालयांनीं त्याला निर्दोष सोडलें. अमेरिकेंत मात्र १९९८ च्या कायद्यानें असें कुलूप उघडण्यास मनाई आहे, आणि नक्कल करण्याचे कार्यक्रम विकणारी एक कंपनी २००४ मध्यें त्यापायीं बुडाली. ब्रिटननें २०१४ मध्यें खाजगी नकलेला मुभा दिली, ती २०१५ मध्यें न्यायालयानें रद्द केली. आपल्याकडे १९५७ चा कायदा खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठीं केलेल्या उचित वापराला सूट देतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनें, हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनें कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. विकत घेतलेल्या बोलपटाच्या प्रती आप्तेष्टांत वाटणें मात्र वैयक्तिक उपयोगांत बसत नाहीं. आपल्या घरच्या मुंजीला अर्थातच कुलूप नसतें.

लहान प्रतीचाहि उपयोग आहेच. ती दूरध्वनीवर पाहतां येते, परदेशीं असलेल्या मुलीला पाठवितां येते. तिच्यासाठीं 'हँडब्रेक' हा फुकट कार्यक्रम पुरेसा आहे. २००३ मध्यें ठरलेल्या एच.२६४ या पद्धतीनें तो चित्र नव्यानें लिहितो. ही पद्धति डीव्हीडीच्या पद्धतीहून पुष्कळ चतुर आहे. चौकोन लहानमोठे घेते, एकाऐवजीं अनेक मागच्या चित्रांचा आधार शोधते. त्यामुळें चार अब्जांचें लग्न साधारण दीड अब्जांत फारसें न बिघडतां बसतें. येथें एक गोष्ट सांभाळावी. फाइलचा आकार आपण ठरवूं नये, चित्राची प्रत ठरवावी. हँडब्रेकमध्यें त्यासाठीं एक अंक असतो. डीव्हीडीच्या चित्राला १८ ते २२ योग्य, आणि अंक जितका लहान तितकें चित्र चांगलें. असें केलें म्हणजे कनातीवर जागा वांचते आणि अक्षतांच्या वेळीं हवी तेवढी मिळते. आकार आधीं बांधून दिला, कीं अक्षता पुन्हा ठिगळांत जातात.

दुसरें असें, कीं त्या काळचे कॅमेरे एका चित्राच्या एक सोडून एक ओळी आधीं आणि उरलेल्या ओळी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागानें नंतर टिपीत. जुन्या दूरचित्रवाणी संचावर तें शोभून दिसे. संगणकावर हलत्या हाताला फणीसारखे दांते फुटतात. 'डीइंटरलेस' नांवाची खूण केली कीं ते जातात. मूळ प्रतीवर मात्र हा संस्कार करूं नये. पुढें याहून चांगली रीत निघेल. आणि लहान चित्र ताणून मोठें करण्याच्या भानगडींत पडूं नये. नव्हते ते ठिपके त्यानें येत नाहींत, फाइल तेवढी फुगते.

हुबेहूब नक्कल दोन हार्ड डिस्कांवर ठेवावी आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं असावी. पुण्यास एक असली तर नागपूरच्या भावाकडे दुसरी. मूळ तबकड्याहि टाकूं नयेत. त्या कडक पेटींत, उभ्या, अंधाऱ्या आणि कोरड्या जागीं ठेवाव्या; कोंकणांत आणि मुंबईच्या पावसाळ्यांत याची विशेष काळजी घ्यावी. त्यांवर कागद चिकटवूं नये, बॉलपेननें लिहूं नये. नक्कल झाल्यावर ती एकदां आरंभापासून शेवटपर्यंत चालवून पाहावी, आणि तें काम घरांतील वडील माणसांना बरोबर घेऊन करावें. वराच्या मागें जांभळा शालू नेसून उभ्या असलेल्या बाई कोण, आणि पंगतींत आग्रह करणारे ते फेटेवाले गृहस्थ कोणाकडचे, हें त्यांनाच ठाऊक असतें. तीं नांवें, सांगतील तशीं, त्याच दप्तरांत एका वेगळ्या फाइलींत लिहून ठेवावीं.